सतराव्या ग्रीनवरचा पट्टा

साठ मिलिमीटर.

एवढ्या उंच गवतात, दोरीच्या बाहेर, इश्बेल उभी होती आणि गोल्फच्या ग्रीनकडे, होलभोवतीच्या कापीव हिरवळीकडे, बघायचं टाळत होती. बाबांविरुद्ध खेळणाऱ्या स्ट्रुअनचा चेंडू तिच्या बुटाशेजारी येऊन रुतला. हे रफ, कडेचं उंच गवत, मैदानाच्या कामावर असलेल्या तिनेच वाढवलं होतं. इथलं गवत काठीच्या मानेला विळखा घालतं. स्ट्रुअनने मूठभर गवतासकट चेंडू उडवला. त्याला फिरकी मिळालीच नाही. ग्रीनवर पडला तो धावतच सुटला आणि नशिबाने होलला लागून थांबला. पुढच्या हलक्या टोल्यात आत.

बारा मिलिमीटर.

फेअरवेवर बाबा. तीस वर्षं याच मैदानाचे मुख्य ग्रीनकीपर, आता निवृत्त, अडुसष्टाव्या वर्षी क्लबच्या अंतिम सामन्यात पहिल्यांदाच. एका होलने मागे. अठरापैकी हा सतरावाही गेला की सामना संपला. आखूड गवतावर चेंडू स्वच्छ बसला होता. बाबांनी तो अलगद उचलला आणि ग्रीनवर नेऊन ठेवला, होलपासून सहा पावलांवर. आता एका टोल्यात आत जायला हवा होता.

चेंडू आणि होलच्या मधोमध...

साडेतीन मिलिमीटर. सकाळी सहा.

समुद्रावरून धुकं आत आलं होतं. ग्रीन कापून झाल्यावर इश्बेलने मागे वळून बघितलं तर दव पुसलेल्या गवतावर हातभर रुंद काळपट पट्टा चकाकत होता. कापणीयंत्राचा पाइप तेल गाळत होता. नवा मुख्य ग्रीनकीपर लखलन याने कालच विचारलं होतं, पाइप बदललास ना. बदलला, ती म्हणाली होती. बदलला नव्हता.

तेव्हाच साबणाचं पाणी ओतून सांगितलं असतं तर निम्मं गवत वाचलं असतं. गेल्या उन्हाळ्यात तिच्याबरोबर कामाला असलेल्या निअलने अशीच आपली चूक सांगितली होती. दुपारी त्याच्या कपाटाची किल्ली काढून घेऊन त्याला घरी पाठवलं.

हवा ढगाळ आहे, तिने मनाशी म्हटलं. जळलेलं गवत उद्याशिवाय दिसणार नाही.

अकराला ऊन पडलं.

तेच साडेतीन मिलिमीटर. आत्ता.

बाबा चेंडूमागे बसले. मग आणखी वाकले, गाल जवळजवळ गवताला टेकेपर्यंत. उभ्याने कुणाला काही दिसत नव्हतं. तिथून दिसत असणार.

"चेंडूपेक्षा गवताशीच जास्त बोलतो हा," चहाघरातली एफी शेजारणीला म्हणाली. "बायकोशी निम्मं बोलला असता तर ती पर्थला निघून गेली नसती."

बाबा उठेनात. त्यांनी नुसतं पंचांना बोलावून पट्टा दाखवला असता तरी नियमाप्रमाणे चेंडू बाजूला ठेवून मिळाला असता. आणि पंचांनी विचारलं असतं, हे ग्रीन कोणी कापलं?

बाबांनी मान वर केली. पंचांकडे नाही. दोरीवरून एकेक चेहरा बघत त्यांची नजर तिच्यापर्यंत आली आणि तिथे थांबली.

त्यांचा हात वर गेला.

इश्बेलने डोळे मिटले. उघडले तेव्हा टोपी सारखी करून हात खाली आला होता.

टोला बरोबर होता. चेंडू उतारावर डावीकडे वळायला लागला, पट्ट्यावर आला आणि वळायचं विसरला. तेलाने चपटं पडलेलं गवत त्याला धरेना. तो सरळ घसरत होलच्या उजवीकडून गेला, वीतभर पुढे.

टाळ्या. स्ट्रुअनने हात मिळवला. "ड्यूगलकाका, एवढं वाचून वाचून शेवटी चुकलातच की."

चष्मा बदलायला हवा, बाबा म्हणाले.

ते दोरीपाशी आले. अंगठ्याने चेंडू पुसला, मग अंगठ्याचा वास घेतला. चेंडू तिच्या हातात ठेवला. मागून लखलन होलचा झेंडा खांद्यावर टाकून, हसत, त्यांच्याच दिशेने येत होता. पट्ट्यावरूनच.

"संध्याकाळपर्यंत पिवळं पडेल," बाबा हळू आवाजात म्हणाले. "त्याला तू सांगतेस, की गवताला सांगू देतेस?"