वेदीवरच्या बाटल्या

"ओडी, येऊ का आत?" फालेसीनं दाराबाहेरून हाक घातली आणि सायकल आंब्याला टेकवली. आतून 'या' कुणी म्हणालं नाही. अंगणाच्या कडेनं खोकला तेवढा ऐकू आला.

लायसन सावलीत जाळं सांधत बसला होता. मार्चमध्ये हाच माणूस मासळीची भरली टोपली एका हातानं उचलायचा. आता सुई धरलेला हातही मधूनमधून थांबत होता.

एचआयव्हीच्या गोळ्या न्यायला जो येत नाही, त्याचं घर गाठायचं, हे दवाखान्यानं फालेसीला दिलेलं काम. ती स्वतः बारा वर्षं त्याच गोळ्यांवर जगत होती. या खेपेच्या यादीत नऊ नावं होती. नऊच्या नऊ मलावी सरोवराच्या याच काठावरची. नोंदवहीत त्यांच्यापुढं 'बेपत्ता' असं लिहिलं होतं. काल पहिल्या घरी म्हातारीनं दफनभूमीकडं बोट दाखवलं होतं.

"गोळ्या संपल्या?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग बाटली आण बघू."

लायसनची बायको एनेलेसी चुलीवर मक्याचं पीठ घोटत होती. ती हसली. "आली झडती. उद्या चुलीतही हात घालाल, ताई."

"नवरा जगणार असेल तुझा, तर घालीन."

"बाटली घरात नाही," लायसन म्हणाला. त्यानं सुई खाली ठेवली. "तुम्ही ठेवलीत तिथंच मी ठेवली."

"कुठं?" फालेसीनं विचारलं.

"सुगीच्या रविवारी, चर्चमध्ये. लोकांनी मका वाहिला, कोंबड्या वाहिल्या. तुम्ही गोळ्यांची बाटली वेदीवर ठेवलीत आणि रडलात. सगळ्यांनी बघितलं. देवानं बरं केल्यावर त्या गोळ्या घरी कशाला न्यायच्या?"

"मला विचारायचंस तरी."

"विचारायचं काय त्यात?" एनेलेसी म्हणाली. "तुमच्याकडं बघितलं की कळतंच. कशा भोपळ्यासारख्या ठणठणीत आहात."

"लायसन, मी आज सकाळी गोळी घेतली. रोज घेते."

त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "मग ती बाटली?"

"चल. बस मागं."

तो मागं बसला. सायकल दबली नाही.

चर्चमध्ये वेदीमागच्या खोलीत, फळीवर बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. फालेसीनं मोजल्या. एकतीस. यादीत नावं नऊच होती. बाकीच्यांची गोळ्या न्यायची तारीख अजून आलीच नव्हती.

तिनं एक बाटली उचलून हलवली. आवाज आला नाही. दुसरीचाही नाही. येणारच नव्हता. या काठावर खुळखुळणारी बाटली घेऊन कुणी रस्त्यानं जात नाही. तो आवाज सगळ्या गावाला ओळखू येतो. दवाखान्याच्या फाटकाशीच जो तो झाकणाखाली चिंधी कोंबतो.

तिनं चिंध्या उपसायला सुरुवात केली. पहिली बाटली खुळखुळली. दुसरी खुळखुळली. लायसनची खुळखुळली, तेव्हा त्यानं भिंतीला हात टेकला. ती थांबली नाही. चिंध्यांचा ढीग वाढत गेला, आणि त्या बंद खोलीत एकेका घराचा आवाज होत गेला.

फळीच्या टोकाला शेवटची बाटली उरली. तिच्यात फालेसीच्याच जुन्या लुंगीची हिरवी चिंधी होती. सवयीनं कोंबलेली. ती उपसून तिनं बाटली लायसनच्या हातात दिली.

त्यानं हलवली. मग कानाशी नेऊन पुन्हा हलवली.

त्या बाटलीतल्या तीन महिन्यांच्या गोळ्यांपैकी तिची एकही चुकली नव्हती. वाहायला त्या वर्षी तिच्याजवळ तेवढंच होतं: एक रिकामी बाटली.