गल्लीची रुंदी

"या वहिनी, इथे पंख्याखाली बसा," असं म्हणत धाकट्या दिरानं स्वतःची खुर्ची सोडली, तेव्हा थोरली मनातल्या मनात हसली. शेळ्या गेल्यापासून त्याच्या तोंडून 'वहिनी' हा शब्द तिनं ऐकला नव्हता. आज मात्र नगरपालिकेच्या सभागृहात पाऊल टाकल्यापासून तो शब्द इतक्या वेळा बाहेर पडला होता, की दुकान बंद करायच्या आधी सगळा माल काढून टाकतोय असं वाटावं.

ती बसली. खुर्ची अजून त्याच्या अंगानं गरम होती. तिला ते बरं वाटलं.

समोर भिंतीवर त्यांच्या गल्लीचा नकाशा लावला होता. मधोमध लाल रेघ. एका अंगाला दिराचं औषधाचं दुकान, दुसऱ्या अंगाला नवऱ्यामागे तिच्या नावावर झालेलं घर. गल्ली रुंद करायची तर दोन्ही बाजूंनी सारखंच कापायचं होतं. त्यात दिराचं दुकान जवळजवळ सगळं जात होतं, थोरलीची पुढची खोली. पण समोरासमोरच्या दोन्ही मालकांनी हरकत घेतली, तर रस्ता मागच्या पडीक मैदानातून वळवायला पालिका तयार होती. एकाची हरकत चालणार नव्हती. दिराची सकाळीच नोंदवून झाली होती. राहिली होती हिची.

"साहेब, वहिनी मला आईसारख्या," दीर उभा राहून म्हणाला. "त्यांच्या डोक्यावरचं छप्पर वाचावं, एवढंच माझं म्हणणं. माझ्या दुकानाचं सोडा हो."

"सोडू?" रस्त्यांच्या साहेबांनी मान वर केली.

"तसं नाही, म्हणजे..."

मागच्या बाकावर कुणाला तरी खोकला आला.

थोरली साहेबांपुढच्या टेबलाकडे बघत होती. तिथंच उभं राहून यानं तिच्या शेळ्यांविरुद्ध तक्रार मांडली होती. राहत्या घरांना लागून जनावरं बांधायची नाहीत, असा नियम होता खरा. गल्लीत कुणाला ठाऊक नव्हता, यानं शोधून काढला. वास येतो, गिऱ्हाईक दुकानात टिकत नाही, असं त्याचं म्हणणं. सर्दीचं औषध न्यायला येणाऱ्यांनाही वास येत होता म्हणे! आठवड्याची मुदत मिळाली. तेवढ्या घाईत घेणारा एकच भेटला, खाटीक. हाक मारली की मान वर करणाऱ्या शेळ्या त्या. त्याच्या टेम्पोत चढवतानाही तिच्याकडेच बघत होत्या. दीर दुकानाच्या पायरीवर उभा होता. "चला, सुटलो," तो गिऱ्हाइकाला म्हणाला होता, तिच्या कानावर जाईल एवढ्या बेतानं.

"आई, नुसतं 'आहे' म्हणायचं," शेजारून सून कुजबुजली. वाटभर तिनं सासूला हेच पढवलं होतं. पुढच्या खोलीत तिचं शिवणाचं मशीन होतं आणि रस्त्यावरचं दार होतं म्हणूनच बायका कपडे टाकायला येत होत्या.

"बाई, तुमची हरकत आहे का?" साहेबांनी विचारलं.

थोरलीनं घाई केली नाही. तिनं पाणी मागितलं. शिपाई हलायच्या आत दीरच धावला. पेला विसळून, भरून, दोन्ही हातांनी त्यानं तिच्यापुढे धरला. ती घोट घोट करत सगळं पाणी प्यायली आणि रिकामा पेला पुन्हा त्याच्याच हातात दिला.

"माझी काही हरकत नाही."

"वहिनी!" दीर ओरडलाच. "अहो, कळतंय का तुम्हाला? तुमची खोली पण जाणार!"

"कळतंय की. नकाशा दिसतोय मला."

"साहेब, त्या गोंधळल्यात. परत विचारा त्यांना."

"विचारा," थोरली म्हणाली. "मला सांगायचा कंटाळा नाही."

साहेबांनी परत विचारलं. तिनं परत सांगितलं, आधीपेक्षा जरा चढ्या आवाजात. कारकुनानं लिहून घेतलं.

सुनेचे डोळे भरून आले. "आई, मशीन कुठे ठेवू मी?"

"मागचा गोठा रिकामाच आहे."

सुनेनं अशी काही नजर टाकली, की थोरलीला मान खाली घालावी लागली. घटकाभरच.

दीर एव्हाना तिच्या खुर्चीपाशी वाकला होता. आवाज पार खाली आला होता. "वहिनी, शेळ्यांपायी एवढं? मी नव्या आणून देतो. आजच्या आज."

"बांधू कुठे भाऊजी? वास येतो."

पेला अजून त्याच्या हातातच होता. तो कुठे ठेवायचा हेही त्याला सुचेना.

थोरली उठली. दारापर्यंत गेली आणि तिथून वळली.

"साहेब, तोडायला कुठल्या बाजूनं धरणार?"

"तसं काही ठरलेलं नाही, बाई. कुठूनही धरू."

"मग माझ्याकडून धरा," ती म्हणाली. "भाऊजींना आधी नीट बघू द्या."