कानबाईचं माहेर

नूतन अंबाडा सोडून घुमायला लागली, तेव्हा ताईबाई नारळाच्या कानबाईची नथ सारखी करत होती. तिनं आधी नथ नीट बसवली. मग मागं वळून सुनेकडे पाहिलं.

सोमवारची सकाळ. काल मांडलेल्या कानबाईला विसर्जनासाठी नदीवर न्यायला अजून तासभर होता. असोद्याच्या त्या घरात आळीतल्या बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या, अमिनाबी मनियारीण त्यांच्या हातांत हिरव्या बांगड्या भरत होती. दाराबाहेर नूतनचा भाऊ ललित मोटारसायकलला टेकून उभा होता. पहाटेच सोनगीरहून निघाला होता. आई आजचा दिवस काढेल असं वाटत नाही, बहिणीला न्यायला आलोय, म्हणाला. ताईबाईनं त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, देवीनं नाही म्हटलंय.

आता ही सून भलत्याच जाड आवाजात बोलत होती.

"नूतनला सोनगीरला धाड! तिची माय तिच्यासाठी जीव धरून आहे. धाड तिला!"

बाया हात जोडून उठल्या.

वारं कसं येतं ते ताईबाईला कोणी शिकवू नये. तीस वर्षं कानबाई तिच्याच अंगात येत होती. कोणाची सोयरीक करायची, कोणाच्या घरचं पाणी प्यायचं नाही, सगळं देवीनं तिच्याच तोंडून ठरवलं होतं. ती देवी तिला न विचारता कालच्या पोरीच्या अंगात जाईल?

"अमिना, तू सांग," ती म्हणाली. "देव माणूस होतो का?"

अमिनाबीनं हातातलं मनगट सोडलं नाही. "आमच्यात नाही होत, अक्का. अल्ला कोणाच्या पोटी येत नाही, कोणाच्या अंगात येत नाही. त्याला ना माय, ना लेकरू."

"ऐका गं!"

"मग दरसाल तुमच्या अंगात कोण येतं, अक्का?" मागून मंदाबाईनं विचारलं. कोणीतरी पदरात हसलं.

ताईबाईच्या कानशिलाची शीर उडाली. "अमिनाचं काय घेऊन बसलीस? तिच्या देवाला माणसाचा विटाळ. आमचा देव पोटी येतो, दूध पितो, लोणी चोरतो, उखळाला बांधून घेतो. येतो तो! पण ज्याच्यात येतो, त्याला कापूर भाजत नाही."

तिनं नूतनचा उजवा हात ओढला, तळहातावर कापराची वडी ठेवली आणि काडी लावली. मग कानाशी लागून हळूच म्हणाली, "झटक हात, आणि गुमान चुलीकडे जा."

नूतननं हात झटकला नाही. कापूर जळत गेला. धुपाच्या वासात दुसराच वास मिसळला.

"अक्का, लेकरू आहे ते!" अमिनाबी कळवळून उठली.

"बस खाली."

ज्योत आपली आपण विझली. "कानबाई माता की जय!" घर दणाणलं. ताईबाईच्या मुलानं, प्रेमराजनं, बायकोची पिशवी उचललीसुद्धा.

ताईबाईनं डोक्यावर पदर घेतला. ज्या सुनेला तिनं कधी आपल्या बरोबरीनं जेवायला बसू दिलं नव्हतं, तिच्या पायांवर ती सगळ्यांदेखत पालथी पडली. उठली ती बोलतच.

"पिशवी ठेव रे. नूतन राहिली कुठं? ही कानबाई. देवी घरी आली, तिला काय मोटारसायकलवर मागं बसवून धाडू? हिला कसलं माहेर, कसली माय? देवाला माय नसते. अमिना जन्मात एक खरं बोलली."

"मी ते असं नव्हतं म्हटलं," अमिनाबीचा आवाज फाटला. "आणि आत्ता तुम्हीच म्हणालात, तुमचा देव दूध पितो."

"तो बाप्या देव. बाईचं तसं नसतं."

नूतननं तोंड उघडलं. ताईबाई त्याचीच वाट बघत होती. मी नूतन आहे, एवढं ती म्हणाली असती, की देवीचं सोंग केलं म्हणून झिंज्या धरून आळीभर फिरवायला ताईबाई मोकळी होती. नूतननं तोंड मिटलं.

जयजयकार ऐकून ललित चपला काढून आत आला. कोणीतरी त्याला पुढं सरकवलं. त्यानं बहिणीच्या तोंडाकडे वर पाहिलंच नाही, सरळ तिच्या पायांवर कपाळ टेकवलं.

"मनी मायले वाचाड, माय," तो हुंदका देत म्हणाला. "एवढं कर."

नूतनचे पाय लटलट कापायला लागले.

"वारं अजून उतरलं नाही," ताईबाईनं बायांना सांगितलं. "एकेक करून पाया पडून घ्या."