बेरी

डॉक्टर क्रांतींनी रक्ताची नळी खिडकीच्या उजेडात धरली, तिरपी केली, पुन्हा सरळ केली.

"हे बघा. वरचं पाणी स्वच्छ पिवळसर दिसायला पाहिजे. हे तर दुधासारखं झालंय."

सम्मेद पुढं झाला, त्याची बायको दीपा पुढं झाली. त्याच्या म्हाताऱ्या आई, रत्नाबाई, भिंतीकडेच्या स्टुलावरून उठल्या नाहीत. त्यांना तिथूनही दिसत होतं. सगळा जन्म म्हशींच्या धारा काढण्यात आणि तूप कढवण्यात गेलेला. साय कशाला म्हणतात ते त्यांना कुणी दाखवायला नको होतं.

त्यांचा कुत्रा भुंग्या टेबलावर उभा होता. सहा महिन्यांच्या स्टेरॉईडनं त्याचं पोट गरगरीत झालं होतं आणि पाठीवरचे काळे केस विरळ. पण हिरड्या गुलाबी होत्या. त्याचंच अंग त्याचं रक्त खात होतं, गोळीनं ते थांबवून धरलं होतं.

"काल रात्रीपासून उपाशी आहे ना?"

"ताट रात्रीच उपडं घातलं, मॅडम," दीपा म्हणाली. "एरवीसुद्धा तुम्ही दिलेलं पिशवीतलं खाणं, तेही वाटीनं मोजून. वर उकडलेला भोपळा. लिव्हरची गोळी कधी चुकवली नाही. तेलाचं बोट लागू देत नाही मी त्याला."

"मग हे आलं कुठनं?" सम्मेद तिच्याकडं वळला. "तूच घातलं असशील कायतरी. सकाळच्या गडबडीत काय लक्षात राहतंय तुझ्या?"

"मी? आईंना विचारा की. सकाळी परड्यात त्याच होत्या."

सगळ्यांच्या माना स्टुलाकडं वळल्या.

"न्हाय बाई," रत्नाबाई म्हणाल्या. "त्याला कोण काय घालतंय?"

म्हणून झालं आणि तोंड कोरडं पडलं. पर्युषण पर्वातल्या उपासाला पाण्याचा थेंब न घेणाऱ्या बाई त्या. दीपानं एकदा चक्कर आली म्हणून उपास मधेच सोडला, तर ते त्यांनी चार घरी सांगितलं होतं. आणि आज या मुक्या जिवाचा उपास त्यांनी पहाटेच मोडला होता.

गोळीनं त्याला भूकच तसली सुटली होती. समोरच्या खानावळीच्या खरकट्याच्या बादलीत तोंड घालून उभा राहायचा. खानावळवाल्या शालूबाई आपल्या दारातून गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या होत्या, "रत्नाक्का, तुमच्यात कुत्र्याला जेवाण घालत न्हाईत व्हय?" त्या दिवसापासून तूप कढवलं की पातेल्याच्या बुडाची बेरी रत्नाबाई खरवडून ठेवायच्या. ह्याच बेरीसाठी एके काळी सम्मेद आणि त्याच्या बहिणी चुलीपाशी मारामाऱ्या करायच्या. आता घरात कुणी तिच्याकडं बघतसुद्धा नव्हतं.

डॉक्टरांनी रिपोर्ट पुढं ओढला. "पोटात काही गेलं नसेल, तर मग लिव्हरच दमलंय. आकडेही चढलेत. गोळीनं थोडे चढतातच, पण इतके नाही. गोळी निम्मी करू या."

"मॅडम, नको." दीपाचा आवाज चिरकला. "मागं कमी केली तेव्हा हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवायला लागलं. आता परत तसं झालं तर तो नाही उठायचा."

"माहीत आहे मला. पण लिव्हर गेलं तर गोळी देऊन तरी काय उपयोग?"

सम्मेदनं भुंग्याला खाली उतरवलं. फरशीवर नखं वाजवत तो सरळ रत्नाबाईंच्या पुढ्यात आला आणि बसला. पुढचा एक पंजा उचलून धरला. भुंकला नाही, कुईकुई केली नाही. नजर त्यांच्या पदराच्या गाठीवर. तोंडातनं लाळेची तार फरशीपर्यंत आली.

"अगं बाई, किती शहाणा!" डॉक्टर हसल्या. "कुणी शिकवलं याला हे?"

सम्मेदनं दीपाकडं बघितलं.

"आम्ही नाही शिकवलं," दीपा सावकाश म्हणाली.

रत्नाबाईंनी गुडघ्यानं त्याला ढकललं. "सर की, मुडद्या." तो हलला नाही. गोठ्यामागं रोज घोकून घेतलं होतं तसंच तो करत होता. आवाज केला की मिळत नाही, गप्प बसलं की मिळतं.

डॉक्टरांनी पेन उचललं.

"लिवू नका."

रत्नाबाईंना गाठ सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. आत परतीच्या वाटेवर द्यायला ठेवलेला तपकिरी, तुपकट गोळा होता. त्यांनी तो टेबलाच्या कडेला ठेवला.

"बेरी हाय. सकाळी मीच घातली. रोजच घालते." मग फरशीकडं बघत म्हणाल्या, "भूक बघवंना त्याची."

सम्मेद तोंड उघडणार, तेवढ्यात दीपानं त्याच्या दंडावर हात ठेवला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. नळीकडं एकदा बघितलं.

"तुपानं आकडेही फसतात. गोळी आहे तेवढीच राहू दे. उद्या सकाळी परत रक्त काढू. उपाशी आणा," त्या म्हणाल्या. आणि रत्नाबाईंकडं वळून, हळू आवाजात, "उपाशी, आजी."

रत्नाबाईंनी मान हलवली. वर बघितलं नाही.

दाराशी दीपा थांबली. बाहेर बाकांवर ओळखीपाळखीची माणसं बसली होती. तिनं सासूच्या पदराचं तुपकट टोक हातात घेतलं, डाग आत जाईल असं दुमडलं आणि त्यांच्या कमरेला घट्ट खोचून दिलं. मग दार उघडलं.

भुंग्या मागोमाग निघाला, खोचलेल्या टोकाला नाक लावून, गप्प.