करंगळी

वडील गेल्यावर त्यांची बंदूक भावाने नेली आणि अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरातलं घर नोरीनच्या वाट्याला आलं. आता तिथे एकटीने राहायचं, म्हणून ती गावातल्या हॉलिसच्या दुकानात गेली.

"घराच्या राखणीला आणि बदकांच्या शिकारीला, दोन्हीला चालेल अशी एकच बंदूक हवी."

"मग ही घ्या, हिला दोन नळ्या येतात. घरात आखूड नळी लावा, तळ्यावर जाताना लांब." म्हाताऱ्या हॉलिसने बंदूक उघडली, रिकामी असल्याचं दाखवलं आणि तिच्या हातात दिली.

नोरीनने ती पुन्हा उघडून पाहिली. मग काडतूस बसतं त्या जागेत करंगळी घालून चाचपलं.

"आत्ताच दाखवली ना, बाई! माझ्यावर भरवसा नाही?"

"तुमच्यावर आहे. बंदुकीवर नाही."

हॉलिस तिच्याकडे बघतच राहिला. "चाळीस वर्षं वेंडेल अस्संच करायचा, अस्संच बोलायचा. तुझं सोवळं तुझ्यापाशीच ठेव, म्हणायचो मी त्याला. तू त्याची पोरगी?"

"हो," नोरीन ताठ मानेने म्हणाली.

बांधून द्यायला तिने बंदूक परत केली. हॉलिसने ती उघडली आणि आपली करंगळी आत घातली.