बिनधुराची चूल

कुशाबानं चुलीमागचा खापरी नळ छपरातून वर गेलेल्या नळाला जोडला, सांध्याला चिखल लिंपला आणि खाली उतरून बायकोला म्हणाला, "पेटव आता. सायेब यायच्या आत रसरसली पायजे."

चंद्राबाईनं काटक्या सारल्या, फुंकर घातली. धूर मुकाट्यानं नळात शिरला आणि परस्पर वर निघून गेला. तिनं सवयीनं डोळ्यांना लावायला पदर उचलला होता, तो तसाच हातात राहिला. पुसायला काही नव्हतंच.

ताम्हिणीच्या अलीकडच्या त्या वाडीत प्रत्येक छपरावर असा नळ दिसे. पण नुसता वरचा. तिथला पाऊस एकदा लागला की आठवडेच्या आठवडे उघडीप देत नाही. तेव्हा छपराचं गवत आणि माळ्यावरचं भाताचं बियाणं कोरडं ठेवतो तो घरातला धूरच. गेल्या पावसाळ्यात सरकारी चुलींनी धूर बाहेर काढला आणि वाडीला चांगलीच अद्दल घडली. छपरं कुजली, बियाण्याला बुरशी आली. मग गड्यांनी घरोघर चुलीजवळचा नळ काढून ठेवला. वरच्याला मात्र कुणी हात लावला नाही. कारण चावडीच्या भिंतीवर गेरूनं रंगवलेल्या पाच वर्षांच्या योजनेत बिनधुराच्या चुलींचं तेवढं एकच कलम पुरं झालं होतं. श्रमदानाचा रस्ता दर आषाढात वाहून कोकणात उतरत होता, दवाखान्याची अजून जागाच ठरत होती आणि विहिरीला काळा खडक लागला होता. योजना तपासायला येणाऱ्या साहेबांचा शेरा चांगला पडला, तर खडक फोडायला सुरुंग मिळणार होता.

हैबतराव सरपंचांनी साहेबांना थेट कुशाबाच्या दारात आणलं. दुसऱ्या घरी न्यायची सोयच नव्हती.

साहेब भला माणूस. वाकून आत आले, चुलीसमोर उकिडवे बसले. वर बघितलं, खाली बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! गावात सगळीकडे आहेत?"

"बाहीर बघा की, सायेब," हैबतराव म्हणाले. "एक छप्पर नळाबिगर दिसायचं न्हाई."

यात खोटं काहीच नव्हतं.

कोपऱ्यात कुशाबाची आई, सगुणाबाई, बसली होती. त्याच घरातल्या चुलीच्या धुरात तिची सगळी हयात गेली आणि डोळेही गेले. साहेबांनी प्रेमानं विचारलं, "आजी, आता बरं वाटतं ना?"

"मला दिस काय आन् रात काय," म्हातारी म्हणाली. "सुनंला इचारा. तिचं हायेत अजून थोडं."

साहेब चंद्राबाईकडे वळले. तिचे डोळे लाल होते, कडा सुजलेल्या. हैबतरावांनी तिला नजरेनं दटावलं, तरी तिच्या तोंडून निघालंच.

"सायेब, आमाला कौलं द्या. कौलं आसली म्हंजी चूल अशी ऱ्हाईल."

"अशी म्हणजे?"

हैबतरावांना खोकल्याची उबळ आली. चंद्राबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. कुशाबा जमिनीकडे बघत होता. बोलावं तर वाडीची विहीर जाते, न बोलावं तर आपले डोळे. तिला रडूच आलं, पण त्या घरात रडण्याला कोण विचारतो? सगळ्या बायकांचे डोळे गळतच असतात.

"काय न्हाई, सायेब. अशीच म्हनले."

"कौलं पुढच्या योजनेत घालू," साहेब म्हणाले. मनापासून म्हणाले.

"ती कदी?"

"ही पुरी झाली की." मग चहाची कपबशी खाली ठेवून त्यांनी जाता जाता सांगितलं, "डोळ्यांना औषध घालत जा, बाई."

जीप ओढा उतरली. हैबतराव तिच्या मागं बराच वेळ हात जोडून उभे राहिले. कुशाबानं कोयता घेतला आणि सांध्याचा ओला चिखल खरवडायला लागला.

"आजचा दिस ऱ्हाऊ द्या की," चंद्राबाई म्हणाली.

"आभाळ बघ कसं भरलंय. बी भिजलं तर पेरायचं काय?" त्यानं कोयता जोरानं ओढला. "मला काय कळत न्हाई व्हय?"

त्यानं नळ काढून दाराआड ठेवला. तिच्याकडे पाहिलं नाही.

धूर घरात पसरला, माळ्यावर चढला, छपरात मुरायला लागला. चंद्राबाईनं परात ओढली आणि नाचणीचं पीठ घेतलं. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या.

कोपऱ्यातून सगुणाबाईनं वास घेतला. "काढला का गं नळ?"

"व्हय."

म्हातारी चाचपत चुलीपाशी सरकली. सुनेचा पदर तिनं डोळ्यांवरून खाली ओढला, हात धरून पिठाच्या गोळ्यावर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवला.

"डोळं मीट, पोरी. मिटूनच थापत जा. आत्तापासनं सवय लाव, म्हंजी फुडं जड जायचं न्हाई."