वरच्या खोलीतला दिवा

"तुझ्या नान्नांचं सिनेमाचं मशीन नवा दिवा मागतंय," भ्रमरांबा फोनवर म्हणाली. "पडद्यावर लाल अक्षरं आल्यापासून सुतक पाळल्यासारखे बसलेत. पेसरट्टू केले होते, तेसुद्धा दोनच खाल्ले."

"अजून शंभर तास चालेल म्हणावं," प्रत्यूषा हैदराबादहून म्हणाली. "उगादीला आले की बदलून देईन."

"मशीनसाठी येणार. आईसाठी नाही."

"तुझं काय बिघडलंय?"

"माझं काही नाही. गोंगुराच्या लोणच्याची बरणी भरून ठेवलीय. ये तेव्हा घेऊन जा."

हा गुरुवार. शुक्रवारी संध्याकाळी तेनालीच्या घरी भ्रमरांबा स्वयंपाकघरात पडली. प्रत्यूषाचे वडील सांबशिवराव वरच्या खोलीत होते. निवृत्तीनंतर त्यांनी प्रोजेक्टर आणून ती खोली हौसेने सिनेमासाठी करून घेतली होती. भिंतींना जाड स्पंज, दाराला रबराची पट्टी. बाहेरचा आवाज आत यायला नको, म्हणून. सिनेमा चालू होता. साडेसातला ते कॉफी मागायला खाली आले, तेव्हा ती फरशीवर गार पडली होती.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला प्रत्यूषा एकच वाक्य सांगत राहिली. "नान्ना वर सिनेमा बघत होते." त्यापुढे सांगायची गरजच नव्हती. ऐकणाऱ्याची नजर आपसूक कोपऱ्यात बसलेल्या सांबशिवरावांकडे वळायची, आणि ते मान खाली घालायचे. मग हैदराबादला परतल्यावर दर रविवारी फोन. "गोळ्या घेतल्या? बरं." दहा महिने एवढंच. ते दोन-चार शब्द जोडून संभाषण वाढवू पाहायचे, आणि ती नेमकी तेव्हा फोन ठेवायची. 

वर्षश्राद्धाच्या तयारीसाठी ती आली, तर दिव्याचा खोका टेबलावर. त्यांनी मागवून ठेवला होता.

"एवढं बसवून दे तल्ली, बाळा," ते म्हणाले. "मागच्या वेळी तूच बसवला होतास."

दहा महिन्यांत माणसाला पुन्हा सिनेमे आठवायला लागले, हे तिने मनात नीट नोंदवून ठेवलं. हातमोजे घातले, मागचं झाकण काढलं, दोन स्क्रू सैल करून जुना दिवा ओढून काढला. नवा खोक्यातून काढून कापडावर ठेवला. याच्या काचेला उघडं बोटही लावायचं नसतं. बोटाचा तेलकटपणा राहिला तरी त्या जागी काच जास्त तापते आणि गोळी सुटल्यासारखी फुटते. मागच्या वेळी तिने त्यांना हे दोनदा बजावलं होतं.

ती वळून झाकणातली धूळ पुसत होती. पाहते तो सांबशिवराव देवघरातली हळदकुंकवाचा करंडा घेऊन आले होते. घरात आलेली नवी वस्तू बोट लावल्याशिवाय वापरायची नाही, हा भ्रमरांबाचा नियम. फ्रिजला, स्कूटरला, कुकरलासुद्धा. त्यांनी अनामिका ओल्या हळदीत बुडवली आणि काचेच्या बरोब्बर मध्यावर टेकवली. वर कुंकवाचा ठिपका दिला.

"ती असती तर तिनेच लावलं असतं," ते म्हणाले.

प्रत्यूषाचं तोंड उघडलं. मग तिने ते मिटलं.

फुटू दे. त्यांच्या कानाशी फुटू दे. निवांत सिनेमा बघत बसलेलं असताना मागे काय घडतं, ते एकदा कळू दे. तिने दिवा तसाच आत सरकवला, स्क्रू आवळले, झाकण लावलं, तासांचा आकडा शून्यावर आणला.

"सिनेमा कोणता लावू?"

"तोच. त्या दिवशीचा."

"अर्धा राहिला होता, नाही का?"

त्यांना टोमणा कळला. ते खुर्चीत टेकले. प्रोजेक्टर त्यांच्या डोक्यामागे, हातभर अंतरावर होता.

"मला बघायचा नाहीये," ते म्हणाले. "आवाज बावीसवर ठेव. तेवढाच होता. दार घट्ट लाव, खाली स्वयंपाकघरात जा, आणि तिथून मला हाक मार. तिच्यासारखी."

"कशाला?"

"ऐकू येतं का, ते बघायचंय. येत असेल, तर मी ऐकलं आणि उठलो नाही. मला आठवत नाही गं. खूप आठवून पाहिलं. येत नसेल, तर... काय ते एकदा ठरू दे. दुसऱ्या कोणाला सांगणार हे?"

तिने दार लावलं. जिना उतरली. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहिली. छतातून वाद्यांचे जड ठोके येत होते. आता फक्त एक हाक मारायची. निकाल कसाही लागो, तो त्यांच्या नावावर लागणार होता. तिने छाती भरून श्वास घेतला.

आवाज फुटेना.

ती धावत वर गेली, दार ढकललं. खोलीत हळद करपल्याचा वास भरला होता. पडद्यावरच्या माणसांच्या तोंडांवर तपकिरी डाग पसरला होता. सांबशिवराव पडद्याकडे बघतच नव्हते. खुर्चीत दाराकडे वळून, कानामागे तळवा धरून बसले होते. तिने भिंतीतून वायर उपटली.

अंधार झाला.

"नाही आलं ऐकू," ते अंधारातून म्हणाले. "तू मारलीस ना हाक?"

"नाही मारली."

"का गं?"

"अम्माने तुम्हाला हाक मारली नव्हती, नान्ना. तिने मला फोन केला होता. सहा वाजून दहा मिनिटांनी. मी नाव पाहिलं, आणि फोन उपडा करून ठेवला."